वासापासून मिलिग्रॅमपर्यंत : वाहतूक-गुन्ह्यांतील पुराव्याचा इतिहास

ठाण्याहून कळवा आणि विटावा मागे टाकून बेलापूरच्या दिशेने निघाले, की नवी मुंबईच्या हद्दीत सुरुवातीलाच दिघा लागते. ठाणे-बेलापूर रस्ता, त्याला लगटून असलेली औद्योगिक वसाहत, रेल्वेमार्ग आणि दाट वस्ती यांची येथे एकच गर्दी आहे. ट्रक, टँकर, रिक्षा आणि दुचाकी यांच्यामधून वाट काढत मुले शाळेत येतात. त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरी कोणी ना कोणी वाहन चालवून पोट भरते. ‘पावती फाडली’, ‘लायसन जमा झाले’, ‘चलन आले’ हे शब्द त्यांना व्याकरणाच्या आधीच कळलेले असतात.

अशा वर्गात एखाद्याने विचारले, ‘‘सर, पोलिसांनी पकडले म्हणजे गुन्हा झालाच ना?’’ तर काय उत्तर द्यावे? ‘नाही, तो सिद्ध व्हावा लागतो’ हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. सिद्ध व्हावा म्हणजे कशाने? डोळ्यांनी पाहिल्याने, नाकाने वास घेतल्याने, की उपकरणाने मोजल्याने? या प्रश्नाचे उत्तर शोधायला कायद्याला जवळजवळ शंभर वर्षे लागली, आणि त्यातला एक महत्त्वाचा टप्पा आपल्या मुंबईतच घडला.

आरंभ वेगापासून करू. इंग्लंडमध्ये १८६५ च्या कायद्याने यांत्रिक वाहनांना गावात ताशी २ मैल आणि गावाबाहेर ४ मैल एवढीच मुभा होती. १८९६ च्या जानेवारीत केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या गृहस्थाने गावातून ताशी ८ मैल वेगाने मोटार नेली. पोलीस शिपायाने सायकलवरून पाठलाग करून त्याला गाठले आणि दंड झाला. पुढे १९०३ च्या कायद्याने मर्यादा ताशी २० मैल झाली, आणि त्यातच एक सुज्ञ वाक्य आले : केवळ एका साक्षीदाराच्या अंदाजावरून ही मर्यादा ओलांडल्याबद्दल कोणालाही दोषी ठरवू नये.

हे तत्त्व भारतातही आले. आपल्याकडे मोटार वाहनांचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ चा, दुसरा १९३९ चा आणि आजचा १९८८ चा. आजच्या कायद्याचे कलम १८३ सांगते, की एकाच साक्षीदाराचे ‘माझ्या मते गाडी वेगात होती’ हे म्हणणे पुरेसे नाही. ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाने काढलेल्या अंदाजावर आधारलेले असले पाहिजे. यामागचे कारण विद्यार्थ्यांना फळ्यावर दाखवता येईल. २०० मीटर अंतर गाडीने १० सेकंदांत कापले, तर तिचा वेग ताशी ७२ किलोमीटर. घड्याळ सुरू करायला एक सेकंद उशीर झाला, तर ९ सेकंद मोजले जातील आणि तीच गाडी ताशी ८० किलोमीटरची ठरेल. मोजणाऱ्याचा एक सेकंद चालवणाऱ्याला गुन्हेगार ठरवू शकतो. नुसत्या नजरेची चूक तर याहून कितीतरी मोठी असते.

वेगापेक्षा अवघड प्रश्न मद्याचा. माणूस ‘प्यालेला’ आहे, हे ओळखायचे कसे? स्वीडनमधील एरिक विडमार्क या शास्त्रज्ञाने १९२२ मध्ये रक्ताच्या अगदी थोड्या नमुन्यातून अल्कोहोलचे प्रमाण काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९३६ मध्ये नॉर्वेने वाहनचालकांसाठी ०.०५ टक्के ही मर्यादा कायद्यात घातली. आपल्याकडे मात्र १९३९ च्या कायद्याची कसोटी अशी होती, की चालक वाहनावर नीट ताबा ठेवू शकणार नाही इतका मद्याच्या अमलाखाली होता का. ‘इतका’ म्हणजे किती, हे त्यात आकड्यात सांगितलेले नव्हते.

अशा काळात मुंबईतला तो प्रसंग घडला. २९ मे १९५१ च्या रात्री कुलाब्यात एका जीपने तिघांना धडक दिली. जीप चालवणारे गृहस्थ त्या वेळी मुंबई विभागाचे प्रभारी प्रादेशिक परिवहन अधिकारी होते! लोकांना वाहन चालवण्याचे परवाने देणाऱ्या खात्याचाच अधिकारी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. सेंट जॉर्ज रुग्णालयातील तपासणीत श्वासाला अल्कोहोलचा वास आला, डोळे लाल होते, बाहुल्या काहीशा विस्फारलेल्या होत्या. पण बोलणे सुसंगत होते आणि त्यांना सरळ रेषेत चालता येत होते. अल्कोहोल घेतलेले आहे, परंतु त्याच्या अमलाखाली दिसत नाहीत, असे डॉक्टरांचे मत पडले.

मुंबई राज्यात तेव्हा १९४९ चा दारूबंदी कायदा होता. त्यामुळे निष्काळजीपणे वाहन चालवण्याबरोबर दारू पिण्याचाही आरोप झाला. बचाव असा, की आपण बी. जी. फॉस हे अल्कोहोल असलेले टॉनिक घेतले होते. येथे एक विलक्षण योगायोग होता. अपघाताच्या चारच दिवस आधी, २५ मे १९५१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात अल्कोहोलयुक्त औषधांच्या सेवनापुरती दारूबंदीची तरतूद घटनाबाह्य ठरवली होती.

दंडाधिकाऱ्यांनी आरोपीला सर्व आरोपांतून सोडले. उच्च न्यायालयाने दारूबंदी कायद्याखाली दोषी ठरवून एक महिना सक्तमजुरी आणि ५०० रुपये दंड सुनावला. अखेर १९५४ मध्ये ‘पेसिकाका विरुद्ध मुंबई राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ती शिक्षा रद्द केली. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे : नुसत्या वासाने अल्कोहोल पोटात गेल्याचे कळते, पण ते निषिद्ध दारूतून आले की औषधातून, हे कळत नाही, आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची आहे.

या निकालावर आपण दोन्ही बाजूंनी विचार करायला हवा. शंकेचा फायदा आरोपीला मिळणे न्यायाचे होते. पण रस्त्यावर पडलेल्या तिघांचे काय? पुरावा कच्चा राहिला की निर्दोष माणूस अडकू शकतो, तसाच दोषी माणूस सुटूही शकतो. म्हणून मोजमापाची गरज दोघांनाही सारखीच असते.

यावर कायद्याने आकड्याचा आधार घेतला. १९५९ मध्ये मुंबईच्या दारूबंदी कायद्यात दुरुस्ती झाली. रक्तात ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम किंवा अधिक अल्कोहोल आढळले, तर ते औषधातून आले हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर आली. रक्त कसे घ्यावे, कोठे पाठवावे, याचे नियमही झाले.

मग प्रश्नाचे रूप बदलले. आकडा मिळाला, पण तो विश्वासार्ह आहे का? १९६१ मध्ये धुळ्यात एका अपघातानंतर चालकाचे रक्त घेतले गेले. अहवालात ०.०६९ टक्के अल्कोहोल आले. परंतु नमुन्याची कुपी रासायनिक परीक्षकाकडे पोचेपर्यंत कोणाच्या ताब्यात होती, तिच्यात फेरफार होऊ नये म्हणून काय काळजी घेतली, याचा पुरावाच नव्हता. ‘उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या १९६३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला या उणिवेची दखल घ्यावी लागली. प्रयोगवहीत आपण ‘नमुना कोठून आणला, कसा ठेवला’ हे लिहायला लावतो, ते किती महत्त्वाचे आहे हे यावरून कळावे. पुढे १९७१ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले, की वास, डगमगती चाल, असंबद्ध बोलणे आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून, रक्त वा लघवी तपासल्याशिवाय, मद्याच्या अमलाचा निश्चित निष्कर्ष काढता येत नाही.

दरम्यान अमेरिकेत रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी १९५४ मध्ये श्वास तपासण्याचे सुटसुटीत उपकरण तयार केले होते. आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेटचा पिवळा रंग अल्कोहोलमुळे फिका पडतो, हे त्याचे तत्त्व. फुप्फुसातील हवेच्या सुमारे २१०० मिलिलिटरमध्ये जेवढे अल्कोहोल असते, तेवढे १ मिलिलिटर रक्तात असते असे धरून हिशेब होतो. आजच्या बहुतेक उपकरणांत त्या रसायनाऐवजी विद्युत-रासायनिक घट असतो. १९९४ च्या दुरुस्तीने आपल्या कलम १८५ मध्ये श्वास-तपासणी आणि १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आली.

आता परिणामांकडे वळू. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार मद्य घेऊन वाहन चालवण्याच्या पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा जागेवर तडजोड शुल्क भरून मिटत नाही, न्यायालयातच जावे लागते. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पूर्वी दोन वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत ती पाच वर्षांपर्यंत झाली. आणि परवाना गेला, तर ट्रकचालकाच्या घरची चूलच थांबते.

बचावाचे मार्गही कायद्यातच आहेत. वेगमर्यादा मोडणे किंवा धोकादायक चालवणे या आरोपांत, काही अपवाद सोडता, खटल्याची सूचना तेथेच किंवा १४ दिवसांत मिळावी लागते. कलम १८५ खाली अटक झाल्यास दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, नाहीतर सोडावे लागते. मात्र सबळ कारणाशिवाय तपासणीला नकार दिला, तर तो नकारच विरुद्ध पुरावा ठरू शकतो. कॅमेऱ्याच्या चलनांसाठी २०२१ च्या नियमांनी उपकरणाला दरवर्षी नूतनीकरण होणारे मान्यता-प्रमाणपत्र आवश्यक केले. चलन मान्य नसेल, तर त्याला आव्हान देऊन बाजू मांडता येते. आणि वकील परवडत नसेल, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळू शकतो. दिघ्यासारख्या कामगार वस्तीत हे प्रत्येक घरी माहीत असायला हवे.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. शाळेच्या आवारात, सुरक्षित अंतरावरून, जाणाऱ्या दहा वाहनांचा वेग विद्यार्थ्यांना आधी नुसता अंदाजाने लिहू द्या. मग दोन ठरावीक खुणांमधील अंतर आणि घड्याळ यांनी काढू द्या. दोन्ही रकाने शेजारी शेजारी मांडा. त्यांतील फरक पाहिल्यावर ‘पकडले म्हणजे गुन्हा झालाच ना?’ या प्रश्नाचे उत्तर मुले स्वतःच देतील. आणि आपण वाहन चालवू लागलो की समोरच्या माणसाचा जीवही आपल्या अंदाजावर सोडायचा नसतो, हेही त्यांना त्याच तक्त्यात दिसेल.