गाठीतली गर्दी

हॉजकिन लिम्फोमाच्या गाठीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की कर्कपेशी शोधावी लागते. शंभर पेशींत जेमतेम एखादी. बाकी सारी गर्दी प्रतिकारशक्तीच्या पेशींची: टी-पेशी, मॅक्रोफेज, इओसिनोफिल.

लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली लसिकाग्रंथी आणि प्लीहा सुजलेल्या सात रुग्णांची हकिगत मांडली, तीही सूक्ष्मदर्शकाशिवाय. सॅम्युअल विल्क्स यांनी १८६५ मध्ये रोगाला त्यांचं नाव दिलं. १८९८ साली व्हिएन्नात कार्ल स्टर्नबर्ग यांनी त्यातल्या अवाढव्य पेशींचं वर्णन केलं, पण हा क्षयाचाच एक प्रकार मानला. भोवतीची गर्दी पाहून तसं वाटणं साहजिक होतं. जॉन्स हॉपकिन्समधल्या डोरोथी रीड यांनी १९०२ मध्ये ठामपणे सांगितलं, की हा क्षय नव्हे. आज त्या पेशीला दोघांचंही नाव आहे.

एक गोष्ट मात्र कोड्यात टाकत राहिली. या रुग्णांना क्षय झालेला असला, तरी क्षय तपासणारी ट्युबरक्युलिनची सुई टोचल्यावर कातडीवर अनेकदा काहीच उमटत नसे. गाठीत प्रतिकारपेशी खच्चून भरलेल्या आणि शरीर मात्र थंड! प्रतिकारशक्ती कुठेतरी दाबली जात होती, याचा या साऱ्या इतिहासातला मला हा सर्वांत बोलका पुरावा वाटतो.

१९९४ साली राल्फ क्युपर्स आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी गाठीतून एकेक अवाढव्य पेशी वेचून तिची जनुकं तपासली. तिचं कूळ निघालं बी-पेशीचं, म्हणजे प्रतिकारसंस्थेतलंच. ही पेशी टार्क नावाचं रसायन सोडून टी-पेशींना स्वतःभोवती ओढून घेते आणि त्यांच्याकडून जगण्याचे संकेत मिळवते. त्यांनी उलटून मारू नये, याची सोयही तिच्याकडे असते.

ती सोय कळली दुसऱ्याच वाटेने. क्योतोत तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेला १९९२ मध्ये पेशीमृत्यूचा माग काढताना पीडी-१ हे जनुक सापडलं. ते टी-पेशीचा ब्रेक आहे, हे पुढे उंदरांवरच्या प्रयोगांतून उलगडलं. तो ब्रेक दाबणारं प्रथिन म्हणजे पीडी-एल१. हॉजकिनच्या पेशींत त्याच्या जनुकाच्या जादा प्रती असतात, हे २०१० मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी दाखवलं. मग ब्रेक सोडवणारं निव्होलुमॅब देऊन पाहिलं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आधीचे उपचार हरलेल्या २३ रुग्णांपैकी २० जणांना गुण आला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत हॉजकिनसाठी या औषधाला मान्यता मिळाली.

आपल्याकडे मानेत गाठ आली, की आजही आधी क्षयाचीच शंका येते आणि पुष्कळदा ती खरीही ठरते. तरी केवळ अंदाजावर क्षयाच्या गोळ्या सुरू करू नका, बायोप्सीचा आग्रह धरा. शंभरातली ती एक पेशी बारीक सुईच्या नमुन्यातून निसटू शकते. म्हणून लिम्फोमाची शंका असेल, तर शक्य तिथे अख्खी ग्रंथी काढून तपासण्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.