खाणीचं तळं



प्रतिक्रमणात पंधरा कर्मादानं आपण भरभर म्हणून जातो. त्यातलं ‘फोडीकम्मे’ म्हणजे जमीन, दगड फोडून पोट भरणं. ‘सरदहतलायसोसणया’ म्हणजे तळी आटवणं. कोळशाच्या उघड्या खाणीत दोन्ही एकत्र येतात. खोल गेलं की जमिनीतलं पाणी लागतं, ते पंपाने सतत उपसावं लागतं. खाण संपून पंप थांबले की पाणी परत येतं आणि खड्ड्याचं तळं होतं.

आपल्या तुळजापूरला नुसता काळा पाषाण. महाराष्ट्रातला कोळसा विदर्भात, चंद्रपूर-नागपूर-वणीकडे. पण खाणीवर सहलीचं तळं करण्यात जर्मनी पुढे. तिथे झेंफ्टेनबर्ग गावाजवळची तपकिरी कोळशाची खाण १९६६ साली संपली. आपोआप भरायला फार वर्षं लागली असती, म्हणून १९६७ ते १९७२ नदीचं पाणी आत सोडलं. १९७३ मध्ये काठावर पोहायला लोक आले. तळं सुमारे १३०० हेक्टरचं. ओटो रिंट या उद्यानरचनाकाराने खाणी चालू असतानाच अशा तळ्यांच्या साखळीचा विचार मांडला होता. आज त्या भागातली बरीच तळी कालव्यांनी जोडलेली आहेत.

पण त्याच देशात नाखटरश्टेट गावी १८ जुलै २००९ रोजी पहाटे अशाच एका तळ्याचा काठ खचला. घरं पाण्यात गेली, तिघे गेले. ते झोपेत होते, हे वाचून माझा हात थांबला. खाणीची माती उकरून परत टाकलेली, भुसभुशीत. वरून हिरवळ आली तरी आतून बसायला काळ लागतो.

योगायोग असा की २००९ मध्येच आपल्या कोळसा मंत्रालयाने खाण बंद करण्याचे नियम काढले. खाण चालू असतानाच कंपनीने दरवर्षी एस्क्रो खात्यात पैसे भरायचे. उघड्या खाणीला तेव्हा हेक्टरी ६ लाख रुपये धरले होते. मी बी.कॉम., मला हे पटलं. नफा आधी वाटून टाकला तर खड्डा बुजवायला कोण येणार?

छत्तीसगडमध्ये बिश्रामपूरजवळ केनापारा इथे जुन्या खाणीच्या तळ्यात आता नौकाविहार चालतो. काठ नीट तपासलाय असं कळलं तर नातवंडांना घेऊन नावेत बसेन. मात्र त्याच पाण्यात पिंजरे टाकून मासे वाढवतात, म्हणून तिथल्या तरंगत्या हॉटेलात जेवणार नाही. डबा घरूनच.