अचल व्यायामाची कुळकथा

स्नायू पूर्ण ताकदीनिशी आखडावयाचा, परंतु सांधा तसूभरही हलू द्यावयाचा नाही, एवढेच ज्याचे सारे सूत्र आहे, त्या आयसोमेट्रिक व्यायामाची वंशावळ चाळू लागले की तिच्यातील सर्वांत ख्यातनाम पूर्वज भेटतो तो कैदखान्यात. १८८८ साली विल्ना येथे जन्मलेला अलेक्झांडर झास पहिल्या महायुद्धात रशियाच्या बाजूने लढताना ऑस्ट्रियनांच्या हाती सापडला. आणि जेथे वजने मिळण्याची सोय नाही तेथे अंगावरच्या बेड्यांशी व कोठडीच्या गजांशीच झोंबून आपण बळ कमावले, अशी हकीकत त्याने पुढे स्वतःच सांगितली. १९२४ साली लंडनला आल्यावर ‘सॅम्सन’ या नावाने तो साखळ्या तोडून दाखवू लागला, आणि त्या विद्येचे पाठ टपालाने विकू लागला.

परंतु पहिलवानाची जबानी म्हणजे शास्त्राचा पुरावा नव्हे. तो पुढे आला १९५३ साली, जर्मनीतील डॉर्टमुंड येथे श्रमिकांच्या शरीरक्रियेचा अभ्यास करणाऱ्या माक्स प्लांक संस्थेतून. टेओडोर हेटिंगर आणि एरिक म्युलर यांनी असे प्रतिपादन केले की, आपल्या कमाल सामर्थ्याच्या दोन तृतीयांश जोर दिवसातून एकदाच, अवघी ६ सेकंदे लावला, तरी आठवड्याला सरासरी ५ टक्के बळ वाढते. इतक्या अल्प मोबदल्यात एवढे फळ मिळते म्हटल्यावर अमेरिकेत त्याचा बोलबाला न होता तरच नवल!

पेनसिल्व्हेनियातील यॉर्क येथे वजनांचा कारखाना आणि व्यायामाचे मासिक अशी दोन्ही चालविणारा बॉब हॉफमन आणि त्याचा वैद्यकीय सल्लागार जॉन झीग्लर यांनी १९६०च्या सुमारास हे तत्त्व उचलले. लोखंडी चौकटीत खिळ्यांनी अडविलेल्या दांडीला रेटा देऊन त्यांचे मल्ल झपाट्याने वजने वाढवू लागले, आणि हॉफमनच्या चौकटी तितक्याच झपाट्याने खपू लागल्या. मात्र याच मल्लांना झीग्लर १९५८ साली बाजारात आलेल्या डायनाबॉल या स्टेरॉइडच्या गोळ्याही देत होता, ही गोष्ट जाहिरातींत नव्हती. ती उघडकीस आली तेव्हा गोळ्यांचे जे कर्तृत्व चौकटीच्या नावे जमा झाले होते, ते वजा करण्याच्या घाईत लोकांनी चौकटीचे स्वतःचे श्रेयही पुसून टाकले.

वस्तुतः पद्धतीचा स्वतःचा गुणदोष याहून मर्यादित, पण खरा आहे. पुढील प्रयोगांत आठवड्याची वाढ ५ टक्क्यांहून बरीच कमी भरली. सांधा ज्या कोनात रोखून धरावा त्याच्या आसपासच बळ मुख्यत्वे वाढते, हेही दिसून आले. आणि श्वास कोंडून जोर केल्यास रक्तदाब एकाएकी चढतो, हा धोका निराळाच. तरीही शस्त्रक्रियेनंतर गुडघा वाकविण्याची मनाई असलेल्या रुग्णाला मांडीचा स्नायू जागच्या जागी आवळावयास सांगितले जाते, ते याच तत्त्वाच्या आधारे. अचल व्यायामाची अतिस्तुती काय किंवा त्याचा अव्हेर काय, दोन्ही निवाडे गोळ्यांच्या साक्षीवर झाले. त्याची स्वतःची साक्ष मात्र रुग्णालयात आजतागायत नोंदली जात आहे.