हवाईचे उपाशी पाहुणे

हिवाळ्याची चाहूल लागली, की अलास्काच्या थंड समुद्रातील हंपबॅक देवमासे दक्षिणेची वाट धरतात. सुमारे ४,८०० किलोमीटर अंतर पोहून ते पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांजवळ येतात. नोव्हेंबरपासून त्यांचे आगमन सुरू होते आणि एप्रिल-मेपर्यंत बहुतेक सारे परततात. जानेवारी ते मार्च हा त्यांच्या दर्शनाचा ऐन हंगाम.

नाव देवमासा असले, तरी हा फुप्फुसांनी श्वास घेणारा सस्तन प्राणी आहे. त्याची लांबी १२ ते १६ मीटर आणि वजन ३० टनांच्या आसपास भरते. त्याच्या शेपटीच्या खालच्या बाजूवरील काळ्या-पांढऱ्या खुणा माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. त्यांच्या छायाचित्रांवरून अभ्यासक एकेक प्राणी ओळखतात.

समागम आणि पिल्लांचा जन्म यांसाठी हे देवमासे उबदार पाण्यात येतात. मात्र तेथे त्यांना जवळजवळ काहीच खायला मिळत नाही. उन्हाळाभर अलास्कात क्रिल आणि लहान मासे खाऊन साठवलेल्या चरबीवरच त्यांचा हिवाळा निभावतो. नवजात पिल्लू सुमारे चार मीटर लांब असते. परतीच्या प्रवासापूर्वी त्याला बळ यावे म्हणून आई स्वतः उपाशी राहून त्याला स्निग्धांशाने भरलेले दूध पाजते.

मावी, लानाई, मोलोकाई आणि काहोओलावे या बेटांमधील उथळ समुद्र हे त्यांचे आवडते ठिकाण. मावीवरील मालाया बंदरातून पर्यटकांच्या नौका सुटतात. मॅकग्रेगर पॉइंटसारख्या उंच किनाऱ्यावरूनही देवमासे दिसतात. आधी श्वासाचा पांढरा फवारा उडतो, मग कमानदार पाठ आणि बुडी मारताना वर उचललेली शेपटी दिसते. कधी कधी सारे धूड पाण्याबाहेर झेपावते. पाण्याखाली मायक्रोफोन सोडल्यास नरांचे गाणेही ऐकू येते. या आवाजांची ठराविक क्रमाने पुनरावृत्ती होते, हे रॉजर पेन आणि स्कॉट मॅकव्हे यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले.

हवाईत हंपबॅकपासून किमान १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९० मीटर अंतर राखण्याचे कायद्याने बंधन आहे. नौका असो वा पोहणारा, नियम सर्वांना सारखाच. नौकेच्या धडकेचा धोका तर असतोच. शिवाय पाठलागामुळे उपाशी आईची साठवलेली शक्ती वाया जाते आणि ती भरून काढण्याची सोय त्या पाण्यात नसते.

ही शिदोरी किती तोकडी आहे, याचा प्रत्यय अलीकडेच आला. १९६६ मध्ये शिकारीपासून संरक्षण मिळाल्यावर उत्तर पॅसिफिकमधील हंपबॅकची संख्या वाढत गेली. २०१६ मध्ये हवाईत येणाऱ्या समूहाचे नाव अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून वगळण्यातही आले. मात्र २०१४ ते २०१६ या काळात उत्तर पॅसिफिकमध्ये उष्णतेची लाट आली आणि तेथील अन्नसाखळी विस्कळीत झाली. २०१३ ते २०२१ दरम्यान हवाईत येणाऱ्या देवमाशांची संख्या सुमारे एकतृतीयांशाने घटली. ही उपासमार हेच घटीचे प्रमुख कारण असावे, असे संशोधकांचे मत आहे.

आपल्या अरबी समुद्रातील हंपबॅकना मात्र असा लांबचा प्रवास करावा लागत नाही. मान्सूनच्या वाऱ्यांमुळे खोल पाण्यातील पोषक द्रव्ये वर येतात आणि त्यांना उबदार समुद्रातच अन्न मिळते. ओमानजवळ उपग्रहाद्वारे मागोवा घेतलेली 'लुबान' नावाची मादी २०१७ च्या अखेरीस भारताच्या दक्षिण किनाऱ्यापर्यंत आली होती. तिच्या या कुळात फार थोडे देवमासे उरले असून, ओमानच्या किनाऱ्याजवळील त्यांची संख्या शंभराहूनही कमी असल्याचा अंदाज आहे.