साखरेचा दस्तरखान : लखनौच्या दरबारातील एक थट्टा आणि तिच्यामागचे राजकारण

(थ्रेड)

१/ लखनौचा राजमहाल. दस्तरखानावर मुरब्बा मांडलेला आहे. नितळ, तकतकीत, पाहताच तोंडाला पाणी सुटावे असा. दिल्लीच्या मुघल घराण्यातील मिर्झा आस्मान कद्र पहिला घास घेतात आणि थबकतात. तोंडात गोडवा नाहीच! तो मुरब्बा नसून मांसाचा कोर्मा होता.

२/ यजमान होता अवधचा अखेरचा राजा वाजिद अली शाह. खाण्यातला दर्दी म्हणून ख्याती असलेला दिल्लीकर पाहुणा आपल्या दस्तरखानावर फसला, याचा राजाला कोण आनंद झाला. पाहुणे मात्र ओशाळले. या थट्टेची परतफेड पुढे कशी झाली, हे पाहण्याआधी ती मुळात शक्य कशी झाली, हे समजून घ्यायला हवे.

३/ हा किस्सा अब्दुल हलीम शरर (१८६०–१९२६) यांनी नोंदवला आहे. ‘दिलगुदाज’ या आपल्या उर्दू मासिकातून त्यांनी जुन्या लखनौवर लेखमाला लिहिली. तीच पुढे ‘गुजिश्ता लखनौ’ या नावाने प्रसिद्ध झाली. नवाबी खानपानाच्या इतिहासात या ग्रंथाला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

४/ शरर लखनौच्या स्वयंपाकघरातील उतरंड सांगतात. भांडी घासणारे सर्वांत खाली. त्यांच्यावर मोठमोठ्या देगांत रांधणारे बावर्ची. आणि सर्वांत वर रकाबदार. रकाबदार थोडेच आणि निवडक रांधत. मोठ्या देगेला हात लावणे त्यांना कमीपणाचे वाटे.

५/ मेव्याची फुले कोरणे, लोणची आणि मुरब्बे घालणे हेही रकाबदारांचेच काम. म्हणजे कोर्मा आणि मुरब्बा या दोन्ही विद्या एकाच हातात होत्या. मराठीतला ‘मुरांबा’ ज्या ‘मुरब्ब्या’शी नाते सांगतो, त्याचे रूप मांसाला देणे अशाच हाताला साधणारे होते.

६/ ही परंपरा वाजिद अली शाहाच्याही आधीची. नसिरुद्दीन हैदरच्या काळात (१८२७–३७) बाहेरून आलेल्या एका आचाऱ्याने बदामाचे तांदूळ आणि पिस्त्याची डाळ कोरून ‘खिचडी’ शिजवल्याचे शरर लिहितात. डोळ्यांना खिचडी, जिभेला मेवा!

७/ पण थट्टेचे लक्ष्य दिल्लीकरच का? अवधचे नवाब हे कागदोपत्री मुघल बादशहाचे वजीर. १८१९ मध्ये इंग्रजांच्या प्रोत्साहनाने गाझीउद्दीन हैदरने स्वतःला ‘बादशहा’ म्हणून राज्याभिषेक करवून घेतला आणि दिल्लीशी असलेले ते नाममात्र नातेही तोडले. तेव्हापासून भाषा, शायरी, पेहराव, भोजन अशा प्रत्येक बाबतीत ‘दिल्ली श्रेष्ठ की लखनौ?’ हा सामना चालूच होता.

८/ या सामन्याला एक उदास बाजूही आहे. १८०१ च्या तहाने अवधचा जवळपास अर्धा मुलूख कंपनीने घेतला आणि नवाबाच्या फौजेलाही कात्री लावली. दिल्लीचा बादशहा तर कंपनीचा पेन्शनरच झाला होता. तलवारीने श्रेष्ठत्व ठरवण्याचे दिवस दोघांसाठीही संपले होते. उरला होता दस्तरखान.

९/ आता परतफेड. काही दिवसांनी आस्मान कद्रांनी राजाला जेवायला बोलावले. आज आपली फजिती होणार, हे ओळखूनच राजा सावधपणे आला. समोर पुलाव, बिर्याणी, कोर्मा, कबाब, भाज्या, चटण्या, लोणची, पराठे असा शेकडो पदार्थांचा थाट होता.

१०/ राजाने एक पदार्थ चाखला : साखर! दुसरा चाखला : साखर! भात साखरेचा, रस्सा साखरेचा, लोणचे साखरेचे, रोटीही साखरेचीच. गोंधळलेला राजा एकेक पदार्थ चाखत गेला आणि अधिकाधिक ओशाळत गेला. सावध असूनही तो फसलाच. ही किमया आस्मान कद्रांच्या पदरी असलेल्या शेख हुसैन अली या आचाऱ्याची.

११/ साखर असे रूप घेऊ शकते का? गुढीपाडव्याची गाठी पाहिलेल्याला हे उत्तर ठाऊक आहे. पाक नेमका घट्ट झाला की साच्यात ओततात आणि निवताच तो साच्याचा आकार धरून बसतो. साखर जाळली की तांबूस ते गडद तपकिरी रंग मिळतो. साहित्य साधेच, कस लागतो तो पाक उतरवण्याचा क्षण ओळखणाऱ्या नजरेचा.

१२/ मात्र ताटल्या, वाट्या, इतकेच काय, दस्तरखानदेखील साखरेचा होता, हे सांगताना शरर ‘असे म्हणतात’ एवढेच लिहितात. हा शब्द महत्त्वाचा आहे. शररांचा जन्म १८६० चा. मेजवानी त्यांनी पाहिलेली नाही. त्यांचे बालपण आणि तारुण्याचा आरंभ कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जात, पदच्युत वाजिद अली शाहाच्या छायेत गेला. असे किस्से तिथल्या विस्थापित लखनौकरांच्या आठवणींचा ठेवा होते.

१३/ राजा तिथे पोहोचला कसा? फेब्रुवारी १८५६ मध्ये डलहौसीने ‘गैरकारभारा’चे कारण पुढे करून अवध खालसा केले. राजाने तहावर सही करण्यास नकार दिला; तरीही राज्य गेले. विलासी, नाच-गाण्यात रमलेला राजा ही त्याची प्रतिमा कंपनीला सोयीची होती. गंमत म्हणजे, अवधच्या कारभारावर कठोर टीका करणारा रेसिडेंट स्लीमनही राज्य खालसा करण्याच्या विरोधात होता.

१४/ म्हणून या थट्टेचे दोन अर्थ लागतात. कंपनीच्या चष्म्यातून पाहिले, तर हा ऱ्हासाचा पुरावा. शररांच्या नजरेतून पाहिले, तर पाहुण्याची फजिती करतानाही रक्त न सांडणारी, जशास तसे उत्तर साखरेत देणारी तहजीब. शेतकऱ्यावरचा सारा आणि दरबाराचा खर्च हे प्रश्न खरेच होते. पण राज्य गिळण्यासाठी ते वापरणाऱ्याचा हेतू त्यामुळे शुद्ध ठरत नाही.

१५/ वाजिद अली शाह १८८७ मध्ये मटियाबुर्जातच निवर्तला. मेजवानीतला प्रत्येक तपशील खरा मानण्याची गरज नाही. राज्य गमावलेल्या माणसांनी आठवणीत काय जपले, हे मात्र त्यातून नक्की कळते : एक थट्टा, तिची परतफेड आणि राजाला हरवणाऱ्या एका आचाऱ्याचे नाव. राजांच्या इतिहासात आचाऱ्याचे नाव टिकणे ही दुर्मीळ गोष्ट. शेख हुसैन अलीचे नाव साखरेने टिकवले.

(समाप्त)