उंबऱ्यापासून चौक्यापर्यंत



आमच्या फ्लॅटचं दार उघडलं की बोळ लागतो. तीन फूट रुंद, नऊ फूट लांब. बिल्डरच्या नकाशात त्याला पॅसेज म्हटलंय. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यात चपलांचं कपाट, छत्र्यांची बादली, दळणाचा डबा, रद्दी, सगळं कोंबलेलं. दोन वर्षांपूर्वीच्या चातुर्मासात याच बोळानं मला रडवलं. ते सांगतेच, पण आधी थोडं मागं जाऊ.

आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणातली गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. भगवान ऋषभदेव आहारासाठी निघाले, तर लोक रत्नं घेऊन आले, वाहनं घेऊन आले, मुलीसुद्धा घेऊन आले. साधू दारी आल्यावर काय करायचं हेच कुणाला माहीत नव्हतं. हस्तिनापूरला राजा श्रेयांसाला पूर्वजन्मीची विधी आठवली, उसाचा रस दिला, ती अक्षय तृतीया. आपल्या नवधा भक्तीत पहिली पायरी पडगाहनाची, म्हणजे दारातलीच. उच्चासन, पादप्रक्षालन वगैरे सगळं त्यानंतर.

पण ही दारातली पायरी आपल्याच भागात एके काळी मागं पडली होती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दक्षिण महाराष्ट्रात आणि बेळगाव भागात मुनी मोजकेच होते. गावात यायचं तर अंगावर वस्त्र घेऊन यायचे, आणि उपाध्ये जे घर ठरवतील तिथं आहार व्हायचा. बाकीच्या घरांनी कलश घेऊन उभं राहायचं कारणच नव्हतं.

हे मोडलं ते भोजच्या सातगौडा पाटलांनी, म्हणजे आपल्या आचार्य शांतिसागर महाराजांनी (१८७२-१९५५). १९२० साली यरनाळला त्यांची मुनिदीक्षा झाली. ठरलेल्या घरी जायला त्यांनी नकार दिला. लोकांना पडगाहनाची रीत राहिली नव्हती, म्हणून सुरुवातीला त्यांना उपवास घडले, असं चरित्रात वाचायला मिळतं. हळूहळू बायका-पुरुष पुन्हा दारात उभे राहू लागले. महाराजांच्या तपाबद्दल आपण खूप बोलतो. मला मात्र वाटतं, त्यांनी प्रत्येक घराचा उंबरा जागा केला, हे आपण बायकांनी जास्त सांगायला हवं. गरिबाच्या घरीही विधी मिळू शकतो, ही आशा त्यातून आली.

माझ्या आजीच्या घराला सोपा होता. बाहेर कट्टा, मग उंबरा, मग सोपा, आत माजघर. सोपा काही फार मोठा नव्हता, पण जमिनीवर एक वस्तू नसायची. भिंती हात-दीड हात जाडीच्या, त्यात कोनाडे. कंदील कोनाड्यात, टोपी-पिशवी खुंटीला, पाट भिंतीला उभा, चपला कट्ट्याखाली. मुनी चार हात जमीन बघून चालतात, ईर्यासमिती. सारवलेल्या मोकळ्या जमिनीवर किडा-मुंगी लांबून दिसायची, आणि दिसली तर वळसा घालायला जागा असायची.

आता माझी गोष्ट. त्या दिवशी खाली गेटपाशी आमचं पडगाहन झालं. तीन प्रदक्षिणा पार्किंगमध्येच घातल्या, वर कुठली जागा? मी पुढं, महाराज मागं, सासूबाई कलश घेऊन बाजूला. दार उघडून बोळात शिरले आणि पायाखाली काहीतरी लागलं. चपलांच्या कपाटाखालून मुंग्यांची रांग निघाली होती. आदल्या रात्री किराण्याची पिशवी मीच तिथं टेकवली होती, गूळ होता त्यात. बोळात दिवसाही अंधार, रांग दिसलीच नाही. महाराजांनी पाहिलं, थांबले, आणि काही न बोलता वळून गेले. सासूबाईंनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. त्यानं आणखीच रडू आलं.

त्या आठवड्यात बोळ रिकामा केला. चपलांचं कपाट काढून सहा इंच खोलीची पेटी भिंतीला ठोकली, जमिनीपासून वीतभर वर, म्हणजे खालून पोतेरं फिरतं. चामड्याचं आमच्याकडे नव्हतंच. पाट घडीचा करून घेतला, खुंटीला लटकतो. छत्र्या बाल्कनीत. दळणाचा डबा चौक्यात परत गेला, किराणाही आता थेट तिथंच. काळसर फरशी बदलायला पैसे नव्हते, म्हणून लांबट पांढरा दिवा लावला. तो उंचावर नको, गुडघ्याच्या उंचीला लावा. जमिनीवरची बारीक हालचाल सावलीसकट दिसते. हे मला आमच्या वायरमननं सुचवलं, तो बिचारा उंदरांबद्दल बोलत होता.

आरसा मात्र सासूबाईंनी काढू दिला नाही. राहू दे म्हटलं, जमिनीला तर लागत नाही.

यंदा चातुर्मासात रोज सकाळी कलश घेऊन उभ्या राहतो आहोत. अजून विधी मिळालेला नाही. खाली जायच्या आधी मी बोळात एकदा वाकून बघते, दिवा लावून.