नुकसान कोणाचे?

'नुकसान' या शब्दाची व्याप्ती कोशापेक्षा कधी कधी व्यापाराच्या कागदांतून अधिक स्पष्ट होते. अमेरिकेतील एक उदाहरण आम्हांला या दृष्टीने बोलके वाटते.

पिस्तूल, रिव्हॉल्व्हर अशी अंगावर लपवता येणारी शस्त्रे सामान्य ग्राहकाला टपालाने पाठवण्यास तेथे १९२७च्या कायद्याने बंदी झाली. खासगी वाहतूक कंपन्यांना मात्र ही बंदी लागू नव्हती. त्यांच्या लेखी शस्त्र हा इतर मालासारखाच माल होता. आणि आंतरराज्य वाहतुकीत मालाची हानी झाल्यास वाहकाने भरपाई द्यावी, हे १९०६च्या कारमॅक दुरुस्तीनेच ठरवून दिले होते.

मार्च १९६३मध्ये लॉस एंजेलिसच्या एका व्यापाऱ्याने 'हिडेल' या नावाने मागवलेले रिव्हॉल्व्हर रेल्वे एक्स्प्रेसमार्फत डॅलसला रवाना केले. किंमत २९.९५ डॉलर. पैकी १० डॉलर आगाऊ मिळाले होते, उरलेले १९.९५ आणि वाहतुकीचे १.२७ डॉलर माल देताना वसूल करायचे होते. 'हिडेल' हे ली हार्वे ऑस्वाल्डने घेतलेले खोटे नाव. २२ नोव्हेंबरला, केनेडींच्या हत्येनंतर तासाभराच्या आत, त्याने याच रिव्हॉल्व्हरने पोलीस अधिकारी टिपिट यांना ठार केले, असा वॉरन आयोगाचा निष्कर्ष आहे.

वाटेत त्या रिव्हॉल्व्हरला ओरखडा पडला असता, तर दाद कोणाकडे मागायची हे ठरलेले होते. रिव्हॉल्व्हरमुळे होणाऱ्या नुकसानीसाठी मात्र त्या कागदांत रकानाच नव्हता. परराज्यातून शस्त्र थेट घरपोच मागवण्याची ही वाट १९६८च्या कायद्याने बंद केली. तोवर पाच वर्षे उलटली होती.